धागा : एम.टेक.ला डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) – आधी कोणतं गणित, आणि किनाऱ्यावरचा कोणता सिग्नल घ्यावा?

गलबत (रत्नागिरी) :
एम.टेक.चं पहिलं सत्र, विषय ॲडव्हान्स्ड डीएसपी. पाठ्यक्रमात मल्टिरेट (सॅम्पलिंगचा दर बदलणं), रँडम प्रोसेस, स्पेक्ट्रम एस्टिमेशन, वीनर फिल्टर, एलएमएस-आरएलएस (स्वतःला जुळवून घेणारे फिल्टर) आणि शेवटी थोडा कालमन फिल्टर आहे. बी.ई.ला झेड-ट्रान्सफॉर्म आणि फिल्टर डिझाइनपर्यंत झालंय. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आधी काय पक्कं करावं? प्रोजेक्टला ईसीजीच्या तयार फायली सोडून इथे किनाऱ्यावर मिळेल असा कोणता सिग्नल घ्यावा? आणि मॅटलॅबचं लायसन्स घरी नाही, त्यावाचून भागेल का?

झेड_प्रतल :
तिसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. भागेल. पायथनमध्ये नमपाय आणि सायपाय, नाहीतर ऑक्टेव्ह आणि त्याचं सिग्नल पॅकेज. फक्त डिफॉल्ट वाचल्याशिवाय कोणतंही फंक्शन चालवू नका. हॅन विंडो (रेकॉर्डची टोकं निमुळती करणारी वजनं) सायपायमध्ये एका दाराने मागितली तर सममित येते, दुसऱ्याने मागितली तर पिरिऑडिक. फिल्टर डिझाइनला सममित लागते आणि स्पेक्ट्रमला पिरिऑडिक.

आता गणित. बी.ई.चं डीएसपी ट्रान्सफॉर्मवर उभं असतं, एम.टेक.चं लिनियर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटीवर. झेड-ट्रान्सफॉर्मची उजळणी करण्यात महिना घालवू नका. त्याऐवजी प्रोजेक्शन म्हणजे काय ते पक्कं करा. चूक (एरर) ही डेटाच्या सबस्पेसला लंब असते, या एका वाक्यातून लीस्ट स्क्वेअर्स, वीनर, लिनियर प्रेडिक्शन आणि कालमन, सगळं निघतं. मग ऑटोकोरिलेशन (सिग्नलचं स्वतःच्याच सरकवलेल्या प्रतीशी साम्य) मॅट्रिक्स: ती टोप्लिट्झ (प्रत्येक कर्णरेषेवर एकच आकडा) का, पॉझिटिव्ह सेमिडेफिनिट (एकही आयगेनव्हॅल्यू ऋण नाही) का, तिच्या आयगेनव्हॅल्यू स्पेक्ट्रमच्या किमान-कमाल मर्यादेत का राहतात. हे तीन प्रश्न वही न बघता सोडवता आले तर अर्धा पाठ्यक्रम हातात आला.

इथेच एक खड्डा आहे. ऑटोकोरिलेशनचा अंदाज काढताना बेरजेला नेहमी N ने भागायचं की उरलेल्या जोड्यांच्या संख्येने? दुसरा 'अनबायस्ड' म्हणून बरा वाटतो, पण त्याची मॅट्रिक्स पॉझिटिव्ह सेमिडेफिनिट राहीलच याची हमी नसते. एआर मॉडेल (आधीच्या नमुन्यांवरून पुढचा सांगणारं) काढायच्या लेव्हिन्सन-डर्बिन पद्धतीत रिफ्लेक्शन कोइफिशियंट एकच्या पुढे जातो, मॉडेल अस्थिर होतं आणि विद्यार्थी कोडमध्ये बग शोधत बसतो. एआर मॉडेलसाठी बायस्डच घ्या. रेकॉर्ड आखूड असेल तर बर्गची पद्धत.

तांडेल (हर्णै) :
सिग्नल समोरच आहे, भरती-ओहोटी. हा सिग्नल अभ्यासाला इतका सोयीचा, कारण त्याच्या फ्रीक्वेन्सी खगोलशास्त्रातून आधीच ठाऊक असतात. तुमचा अंदाज चुकला की लगेच पकडला जातो. एम-२ (चंद्राचा मुख्य घटक) १२.४२ तास, एस-२ (सूर्याचा) १२ तास, एन-२ १२.६६, के-१ २३.९३, ओ-१ २५.८२. एम-२ आणि एस-२ यांचे बीट म्हणजे आपलं उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती).

आता रिझोल्यूशनचा धडा. दोन फ्रीक्वेन्सी वेगळ्या दिसायला रेकॉर्डची लांबी त्यांच्या फरकाच्या व्यस्ताइतकी हवी. एम-२ आणि एस-२ साठी १४.७७ दिवस, एम-२ आणि एन-२ साठी २७.५५ दिवस, के-१ आणि पी-१ (सूर्याचा, दिवसातून एकदाचा घटक) साठी १८२.६ दिवस. दहा दिवसांचा डेटा घेऊन त्याला शून्यं जोडून ६५,५३६ बिंदूंची एफएफटी (स्पेक्ट्रम काढायचा जलद हिशेब) काढली तर आलेख गुळगुळीत होईल, पण एम-२ च्या शिखरातून एस-२ बाहेर पडणार नाही. झीरो-पॅडिंगने रिझोल्यूशन वाढत नाही हे वर्गात सगळे लिहून घेतात आणि प्रोजेक्टमध्ये सगळे विसरतात.

सायपायचं वेल्च फंक्शन (डेटाचे तुकडे करून त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी घेणारं) तर खास सापळा आहे. सेगमेंटची लांबी सांगितली नाही तर ते २५६ धरतं. दर तासाचा डेटा असेल तर २५६ तास म्हणजे १०.६७ दिवस, म्हणजे वर्षभराचा डेटा देऊनही एम-२ आणि एस-२ एकत्रच!

एलियसिंग (अपुऱ्या सॅम्पलिंगने भलतीच फ्रीक्वेन्सी दिसणं) बघायचं असेल तर रोज सकाळी ८ वाजता एकच वाचन घ्या. एस-२ सरळ डीसीवर (शून्य फ्रीक्वेन्सीवर) येऊन बसतो आणि एम-२ १४.७७ दिवसांचा होऊन दिसतो.

फुरसं (वेंगुर्ला) :
बरोबर आसा. 😀 तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे भरतीची वेळ, हा जुना हिशेबही एम-२ चाच आहे. भरती दर दिवशी सुमारे ५०.५ मिनिटं पुढे सरकते, तिथीला सुमारे ४९.७. हिशेबात धरतात ४५. पंधरा तिथींत सव्वा तासाच्या जवळपास फरक साचतो आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो म्हणून निभावतं. फेजमधली चूक साचू न देता दर पंधरवड्याला रीसेट.

गलबत :
हे आवडलं. पण डेटा आणायचा कुठून? तयार घ्यावा की स्वतः मोजावा? मोजायचा तर सेन्सर कोणता?

जेटीवरचा_दिवा :
दोन्ही करा. सर्व्हे ऑफ इंडियाचे भरतीचे तक्ते तुलनेसाठी लागतीलच. मुंबईच्या अपोलो बंदरची मासिक सरासरी पातळी १८७८ पासूनची आहे. ट्रेंड आणि नॉइज वेगळे करण्याच्या सरावाला ती छान. पण मल्टिरेट आणि एलियसिंग शिकायचं तर स्वतःचा १ हर्ट्झचा कच्चा डेटा हवा.

दोन मार्ग आहेत. पहिला, वरून खाली पाहणारा पाणबंद अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी. स्वस्त आहे. जवळचे साधारण २५ सेंटिमीटर त्याला दिसत नाहीत, म्हणून उधाणाच्या भरतीत लाट धरूनसुद्धा तेवढं अंतर उरेल इतक्या उंचीवर बसवा. बीम रुंद असतो, खांबाचा प्रतिध्वनी येतो. खांबापासून लांब आडवा अँगल काढा.

याची खरी अडचण तापमान. हवेतला ध्वनिवेग दर अंशाला सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंद बदलतो. रात्र आणि दुपार यांत १० अंशांचा फरक धरला तर ३ मीटर अंतरावर सुमारे ५ सेंटिमीटरची चूक. ही चूक २४ तासांच्या आवर्तनाची असते, म्हणजे के-१ च्या अगदी शेजारी, आणि तिला के-१ पासून वेगळं करायला वर्षभराचा रेकॉर्ड लागतो. कितीही ॲव्हरेजिंग केलं तरी जात नाही, कारण ती नॉइज नाहीच. सेन्सरच्या बाजूला सावलीत तापमापक लावा आणि प्रत्येक वाचन तिथल्या तिथे सुधारा.

दुसरा मार्ग प्रेशर सेन्सर, उदाहरणार्थ एमएस५८३७, ३० बारचा. पाण्याच्या उंचीत रिझोल्यूशन सुमारे २ मिमी. पण तो हवेचा दाबही मोजतो: १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा वर-खाली होतो, साधारण १ हेक्टोपास्कलच्या घरात आणि बरोबर १२ तासांच्या आवर्तनाने. तो थेट एस-२ मध्ये मिसळतो. म्हणून वर पेटीत एक बॅरोमीटर हवाच.

ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) वापरणार असाल तर त्याच्या आतल्या एडीसीवर (ॲनालॉगचं डिजिटल करणाऱ्या भागावर) ॲनालॉग सेन्सर लावू नका. टोकांना तो वाकडा आहे, आणि वायफाय चालू असताना दुसरा एडीसी मिळत नाही. डिजिटल सेन्सर घ्या. घड्याळासाठी डीएस३२३१, दिवसाला ०.२ सेकंदाच्या आत राहतं. साध्या क्रिस्टलचं घड्याळ २० पीपीएम (दहा लाखांत २०) धरलं तर महिन्याला ५० सेकंद सरकतं.

आणि जेटी ज्यांच्या ताब्यात असेल, मेरीटाइम बोर्ड असो वा मत्स्यव्यवसाय खातं, त्यांची लेखी परवानगी आधी. पेटीवर ती चिकटवून ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी उचकटून नेईल.

गलबत :
लाटांचं काय? मिनिटाची सरासरी घेऊन साठवली तर पुरे ना?

झेड_प्रतल :
नाही पुरत. ६० सेकंदांची सरासरी म्हणजे बॉक्सकार फिल्टर, रिस्पॉन्स सिंक (sin x ÷ x) सारखा. १२ सेकंदांची लाट असेल तर नेमका शून्यावर पडतो आणि सगळं साफ वाटतं. लाट १३ सेकंदांची झाली की ०.०६४ उरतं, म्हणजे १ मीटर ॲम्प्लिट्यूडच्या लाटेतून ६ सेंटिमीटर निसटतात आणि मिनिटाच्या सॅम्पलिंगने एलियस होऊन भरतीच्या पट्ट्यात कुठेही उतरतात. पावसाळ्यात हे चांगलंच दिसेल.

नीट डेसिमेशन (आधी फिल्टर, मग नमुने कमी) करा. गरज अशी: १ हर्ट्झवरून मिनिटाला एक नमुना. नवा नायक्विस्ट (सॅम्पलिंगच्या दराचा निम्मा) १/१२० हर्ट्झ. पासबँड १/२४० हर्ट्झपर्यंत, स्टॉपबँड १/१२० पासून, ६० डीबी. कायझर विंडोच्या सूत्राने क्रम = (६० − ८) ÷ (२.२८५ × Δω). ट्रान्झिशन ०.००४१७ हर्ट्झ, Δω = ०.०२६१८, क्रम येतो ८७०. विंडोचा बीटा ५.६५.

हेच दोन पायऱ्यांत करा: आधी १० ने, मग ६ ने. पहिल्या पायरीत स्टॉपबँड ०.१ − ०.००८३ = ०.०९१७ हर्ट्झपासून सुरू झाला तरी चालतो, कारण मधल्या पट्ट्यात जे एलियस होऊन पडेल ते दुसरी पायरी खाणारच आहे. पहिल्याचा क्रम ४२, दुसऱ्याचा ८७ येतो. तो ८८ घ्या. पॉलिफेज (टाकून द्यायचे नमुने काढायचेच नाहीत) धरून दर आउटपुटला गुणाकार ८७१ ऐवजी ४३ × ६ + ८९ = ३४७. कोइफिशियंटची मेमरी तर सहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. मल्टिरेटच्या प्रकरणात जे 'एफिशियन्सी' म्हणून येतं ते हे, आणि परीक्षेत हा स्टॉपबँडचा मुद्दा हमखास विचारतात.

८८ का, तर विलंबासाठी. लिनियर फेज एफआयआरचा (फीडबॅक नसलेल्या फिल्टरचा) विलंब क्रमाच्या निम्मा. पहिल्या पायरीत २१ सेकंद, दुसरीत ४४ नमुने, म्हणजे ४४० सेकंद. एकूण ४६१ सेकंद, ७ मिनिटं ४१ सेकंद. क्रम विषम ठेवला तर अर्धा नमुना लटकत राहतो. वेळेच्या रकान्यातून हा विलंब वजा केला नाही तर एम-२ च्या फेजमध्ये ३.७ अंशांची चूक येते.

फिल्टरच्या आधी पाच नमुन्यांचा मीडियन लावा. अल्ट्रासॉनिकने एखादं खोटं वाचन दिलं तर लिनियर फिल्टर ते पुढे बरीच मिनिटं पसरवतो.

फुरसं :
एवढा खटाटोप कशाला? आठव्या क्रमाचा बटरवर्थ, कटऑफ खाली ओढला की झालं.

झेड_प्रतल :
करून बघा, डायरेक्ट फॉर्ममध्ये. कटऑफ सॅम्पलिंगच्या हजाराव्या भागावर नेला की आठही पोल z = १ जवळ दाटीने गोळा होतात. प्रत्येक पोलची संवेदनशीलता इतर पोलपासूनच्या अंतरांच्या गुणाकाराच्या व्यस्त असते. अंतरं शंभराव्या भागाहून लहान झाली की डबल प्रिसिजनही पुरत नाही, आउटपुट फुगत जातं. सेकंड-ऑर्डर सेक्शनमध्ये तोडलं तर चालेल. पुढून-मागून फिल्टर करून शून्य फेज मिळवलीत तर लक्षात ठेवा, मॅग्निट्यूडचा वर्ग होतो: कटऑफला ३ नाही, ६ डीबी. आणि तो कारणिक फिल्टर राहत नाही, म्हणून जेटीवरच्या बोर्डावर तसं चालत नाही.

जेटीवरचा_दिवा :
इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीही एक फिल्टर लावता येतो. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा, खालचं तोंड बंद आणि त्याला पाइपच्या व्यासाच्या दहाव्या भागाचं भोक, म्हणजे ११ मिमी. पाण्याची पातळी आत सावकाश बदलते, लाटा बाहेर राहतात. जुने भरतीमापक असेच असत. पण भोकातला प्रवाह पातळीच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे हा लो-पास लिनियर नाही. लाटा मोठ्या असताना आणि लहान असताना त्याचा कटऑफ वेगळा. शिवाय कालवं आणि शेवाळ भोक बुजवतात आणि फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट महिन्यागणिक वाढत जातो. भोकाभोवती तांब्याचा पत्रा लावला तर वाढ कमी होते. पाइपच्या आत अल्ट्रासॉनिक लावणार असाल तर सांधा ठेवू नका, त्याच्या कडेवरून खोटा प्रतिध्वनी येतो.

तांडेल :
वीज गेली, बॅटरी संपली की डेटात भगदाड पडतं. त्यात शून्य भरून एफएफटी करू नका. ते मूळ सिग्नलला आयताकृती भोकांच्या पॅटर्नने गुणणं झालं, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये कन्व्होल्यूशन, आणि एम-२ चे साइडलोब सगळीकडे. आयताकृती विंडोचा पहिला साइडलोब −१३ डीबीलाच असतो. हॅन −३१, ब्लॅकमन −५८, पण भगदाडाला कोणतीच विंडो उपयोगी नाही.

फ्रीक्वेन्सी ठाऊक आहेत, तर लीस्ट स्क्वेअर्स करा. प्रत्येक घटकासाठी कोसाइन आणि साइन असे दोन स्तंभ, एक स्थिरांक, एक ट्रेंड. ३० दिवसांच्या तासागणिक डेटात ७२० समीकरणं. भगदाडातल्या ओळी सरळ काढून टाका. नॉर्मल इक्वेशन्स सोडवू नका, त्यात कंडिशन नंबरचा वर्ग होतो, क्यूआर वापरा.

३० दिवसांच्या डेटात एस-२ बरोबर त्याच्या अगदी शेजारचा के-२ ही घातलात तर दोन स्तंभ जवळपास समांतर होतात आणि ॲम्प्लिट्यूड अशक्य मोठे येतात, एकमेकांना खोडणारे. फिट मात्र सुंदर दिसतो! उपाय जुनाच: के-२ ला एस-२ च्या ०.२७२ पट आणि पी-१ ला के-१ च्या ०.३३१ पट बांधून टाकायचं. हे समतोल भरतीच्या सिद्धांतातले रेशो आहेत. रेग्युलरायझेशनचं प्रकरण येईल तेव्हा हेच आठवा: पूर्वज्ञान घालून मॅट्रिक्स सावरायची.

भरती वजा केल्यावर उरतं ते पांढरं नॉइज नसतं, खालच्या फ्रीक्वेन्सीला ते जास्त असतं. ते पांढरं धरून एरर बार काढले तर फसवे लहान येतात. उरलेल्याचा वेल्चने स्पेक्ट्रम काढा आणि ज्या घटकाचा एरर हवा त्याच्या आसपासची पातळी घ्या. स्केलिंग तपासायला पार्सेवालचं प्रमेय: पीएसडीखालचं (पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटीखालचं) क्षेत्र आणि व्हेरियन्स जुळलेच पाहिजेत. पीएसडीसाठी विंडोच्या वर्गांच्या बेरजेने भागतात, ॲम्प्लिट्यूडसाठी नुसत्या बेरजेने. निम्मे रिपोर्ट इथेच गडगडतात.

आणखी एक, जेटी खाडीच्या आत असेल तर ६.२१ तासांचा एम-४ आणि ६.१० तासांचा एमएस-४ दिसतील. आकाशात त्या फ्रीक्वेन्सीला कोणी नाही. उथळ पाण्यात भरतीचा स्वतःशीच गुणाकार होतो आणि बेरजेच्या, वजाबाकीच्या फ्रीक्वेन्सी तयार होतात, वजाबाकीची १४.७७ दिवसांची. खाडी एलटीआय (लिनियर, काळानुसार न बदलणारी) सिस्टिम नाही याचा पुरावा. बंदराच्या तोंडाचा आणि आतल्या जेटीचा डेटा घेऊन ट्रान्सफर फंक्शन काढायला निघालात तर आधी कोहिरन्स (दोन सिग्नलांचं प्रत्येक फ्रीक्वेन्सीला लिनियर नातं किती) बघा.

गलबत :
यावरून एलएमएसकडे येतो. असाइनमेंटमध्ये दोन हायड्रोफोन (पाण्याखालचे माइक) आहेत, दुसऱ्याच्या मदतीने पहिल्यातला होडीच्या इंजिनाचा आवाज काढायचा आहे. ३२ टॅप (फिल्टरची वजनं). म्यू (दर पायरीला वजनं किती हलवायची तो आकडा) किती घ्यावा? अंदाजाने घेतला की कधी फुगतो, कधी हलतच नाही.

झेड_प्रतल :
आधी समीकरण कोणतं लिहिताय ते पाहा. काही ठिकाणी अपडेटमध्ये २म्यू असतो, काही ठिकाणी म्यू. मर्यादा दुपटीने बदलते. म्यूचं धरलं तर वरची हद्द २ ÷ (टॅप × इनपुट पॉवर). ३२ टॅप, पॉवर ०.५ असेल तर ट्रेस १६, हद्द ०.१२५. पण हद्दीजवळ काम करत नाहीत. मिसॲडजस्टमेंट साधारण म्यू × ट्रेस ÷ २. पाच टक्के चालणार असेल तर म्यू = ०.१ ÷ १६ = ०.००६२५.

हलत नाही त्याचं कारण आयगेनव्हॅल्यूंचा विस्तार. इंजिनाचा आवाज ठरावीक हार्मोनिकांचा, म्हणजे मॅट्रिक्स जवळपास सिंग्युलर. सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू ०.०१ असेल तर त्या दिशेचा टाइम कॉन्स्टंट १ ÷ (०.००६२५ × ०.०१) = १६,००० नमुने. ८ किलोहर्ट्झला २ सेकंद. तोवर होडीने गिअर बदललेला असतो. एनएलएमएसने (म्यूला इनपुट पॉवरने भागणाऱ्या एलएमएसने) पॉवरच्या चढउताराचा प्रश्न सुटतो, आयगेनव्हॅल्यूंचा नाही. आरएलएस घेतलात तर फरगेटिंग फॅक्टर ०.९८ म्हणजे स्मृती ५० नमुन्यांची. ३२ अज्ञातांना ती तोकडी, वजनं थरथरतात. ०.९९५ पासून सुरू करा आणि पी मॅट्रिक्स (ऑटोकोरिलेशन मॅट्रिक्सचा व्यस्त) दर काही पायऱ्यांनी सममित करून घ्या, सिंगल प्रिसिजनमध्ये ती बिघडते.

रेफरन्स हायड्रोफोनमध्ये हवा असलेला सिग्नल थोडासाही शिरत असेल तर फिल्टर तोही खोडेल. अल्गोरिदम बरोबर काम करत असतो, जोडणी चुकलेली असते.

फुरसं :
आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या खडकाळ उथळ पाण्यात हायड्रोफोन टाकाल तर कढईत तेल तडतडावं तसा आवाज येईल. सेन्सर बिघडला म्हणून तो बदलू नका. स्नॅपिंग श्रिंप नावाची कोळंबीच्या जातीचे लहान जीव नांगी आपटतात, त्यातून बुडबुडा फुटतो. २ किलोहर्ट्झच्या वर हाच आवाज सगळीकडे, आणि तो गॉसियन नसतो. टोकाचे नमुने फार. स्क्वेअर्ड एररवर चालणारं सगळं, एलएमएससकट, एकेका टिचकीने उडतं. एरर एका मर्यादेवर क्लिप करा किंवा साइन-एरर एलएमएस घ्या. मर्यादा मीडियन ॲब्सोल्यूट डेव्हिएशनवरून ठरवा; स्टँडर्ड डेव्हिएशन त्या टिचक्यांनीच फुगलेलं असतं.

गलबत :
पुष्कळ मिळालं, आभार. आता शेवटचं. फेज तक्त्यातल्या आकड्यांशी जुळवून पाहायचा आहे. काही विशेष?

तांडेल :
वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि फाइलच्या पहिल्या ओळीत तसं लिहा. भारतीय वेळ आणि यूटीसी यांत गोंधळ झाला तर साडेपाच तासांचे एम-२ मध्ये १५९.४ अंश होतात, एस-२ मध्ये १६५. म्हणून तुलनेत सगळ्या घटकांची फेज चुकली असेल तर चुकीला त्या घटकाच्या ताशी अंशांनी भागा. प्रत्येकाचं उत्तर ५.५ आलं तर वेळक्षेत्र, ०.१२८ आलं तर फिल्टरचे ४६१ सेकंद वजा करायचे राहिलेत. सगळ्यांचा सारखाच पण तिसराच आकडा आला तर घड्याळ, प्रत्येकाचं वेगळंच आलं तर सेन्सर. ॲम्प्लिट्यूड जुळवताना १८.६ वर्षांच्या नोडल चक्राची सुधारणा लावा. एम-२ त्याने ३.७ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होतो.

जेटीवरचा_दिवा :
त्यासोबत जेटीच्या खांबावर सेंटिमीटरची पट्टी रंगवा आणि भरती, ओहोटी, भांग, उधाण अशा वेगवेगळ्या वेळी दोन-दोन मिनिटं पाहून सरासरी वाचन लिहा. सेन्सर आणि पट्टीचा फरक पातळीनुसार बदलत असेल तर स्केल चुकलंय, सगळीकडे सारखाच असेल तर फक्त शून्य. पट्टी ऑइलपेंटची नको, एका पावसाळ्यात जाते. इपॉक्सी घ्या.